सोलापुरात रानटी यीस्टवरची बिअर: काहील कधी उघडी ठेवायची, बाटल्या कधी भरायच्या?

काहीलवाला

नमस्कार मंडळी. विकतचं यीस्ट न घालता, फक्त हवेतल्या जिवांवर आंबवलेली बिअर सोलापुरात करायची आहे. मायक्रोब्रुअरीचा परवाना आहे, त्यामुळे कायद्याची बाजू सध्या बाजूला ठेवू. प्रश्न तंत्राचे आहेत.

सामान असं: १५० लिटरचं उकळायचं भांडं, ९० सेंमी व्यासाची स्टीलची उथळ काहील (गुऱ्हाळातल्यासारखीच, फक्त लोखंडी नाही), १०० लिटरची बंद स्टीलची टाकी, तिला थंड पाण्याचं जॅकेट. धान्यात ६० टक्के बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि ४० टक्के मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, मोड न आणता. बेल्जियममध्ये कच्चा गहू वापरतात, त्याच्या जागी ज्वारी.

ऑक्टोबरच्या शेवटी अंदाज घ्यायला गच्चीवर तीन बरण्यांत वॉर्ट (माल्टचा गाळलेला गोड रस) भरून, मलमलीचं फडकं बांधून रात्रभर ठेवल्या होत्या. तीन आठवड्यांनी एकीला कुजक्या कोबीचा वास आणि पीएच ४.९. दुसरीवर काळी केसाळ बुरशी. तिसरीवर पांढरी पातळ साय, वास सफरचंदाच्या सालीसारखा, पीएच ३.८.

विचारायचं आहे ते असं. काहील कोणत्या महिन्यात उघडी ठेवावी? ज्वारी कशी शिजवावी की गाळणी तुंबणार नाही? जुने हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) इथे मिळत नाहीत, त्याला पर्याय काय? आणि बाटलीत साखर किती? उन्हाळ्यात बाटल्या फुटायची भीती वाटते.

---

गाळणीतला_भुसा

आधी हंगामाचं बोलतो, कारण बाकीचं नीट केलं आणि हंगाम चुकला तर सगळं गटारात ओतावं लागतं.

ब्रसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं. उन्हाळ्यात तिथेही काहील उघडत नाहीत. रानटी यीस्ट सोलापुरात कमी आहे असं मुळीच नाही. यीस्ट सगळीकडे आहे. प्रश्न वॉर्ट किती वेळात थंड होतो याचा आहे. ६० अंशांच्या वर पडलेलं जवळपास सगळं मरतं. ४५ ते २५ या पट्ट्यात पोटातल्या जिवाणूंचे भाऊबंद सगळ्यात जोमाने वाढतात, आणि तुमचा कोबीचा वास त्यांचाच. ऑक्टोबरमध्ये सोलापूरची रात्र २० च्या खाली फारशी उतरत नाही, म्हणून वॉर्ट त्या पट्ट्यात तासन् तास रेंगाळतो.

तुमचा हंगाम म्हणजे हुरड्याचे दिवस. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांपर्यंत. किमान तापमान १५-१६ किंवा त्याहून खाली असेल अशीच रात्र धरा. ढगाळ रात्र नको, ढग असले की पारा उतरत नाही. फेब्रुवारी उजाडला की पुढच्या वर्षी.

९० सेंमीच्या काहिलीत १०० लिटर म्हणजे साधारण १६ सेंमी उंची, ती चांगली आहे. रात्री ८ च्या सुमारास उकळता वॉर्ट ओता. पहाटे तो २०-२२ वर आला पाहिजे. ६ वाजता २८ दिसत असेल तर वाट बघत बसू नका, टाकीत घ्या आणि जॅकेटने खाली आणा. कोणी २० लिटरच्या पातेल्यात करत असेल तर उलटी अडचण येते: पातेलं लवकर गार होतं आणि हवेतलं पुरेसं काही पडत नाही. त्याला बाजूने सोलापुरी चादर गुंडाळायची, तोंड उघडं ठेवायचं. चादरीचा याहून चांगला उपयोग ब्रुअरीत दुसरा नाही.

जागा: गटार, उकिरडा, गोठा यांच्यापासून लांब. भर वाऱ्यात नको, सोलापूरची धूळ माहीत आहेच. गच्चीवर तीन बाजूंनी आडोसा आणि वर किड्यांसाठी जाळी. फडक्याने गच्च झाकू नका, वाफ अडते आणि थेंब परत आत पडतात.

आणि एक महत्त्वाचं. काहिलीत ओतायच्या आधी वॉर्टचा पीएच लॅक्टिक ॲसिडने ४.५ वर आणा. मीटर हातात धरून थोडं थोडं घाला, अंदाजाने नको. साडेचारच्या खाली ते कोबीवाले जिवाणू तग धरत नाहीत. बेल्जियममधले जुने लोक हे करत नसत, पण त्यांच्याकडे थंडी होती. आपण करायचं.

---

मालदांडी_एम३५

ज्वारीबद्दल.

बार्लीचा स्टार्च ६०-६५ अंशांत फुलतो. ज्वारीचा ७० च्या पुढे. म्हणजे दोन्ही एकत्र ६६ अंशांवर ठेवलं तर ज्वारी कच्चीच राहते, चोथ्याबरोबर फेकली जाते आणि घनता (रसात साखर किती त्याचं माप) १० पॉइंटांनी, म्हणजे ०.०१० ने, कमी भरते. ज्वारी वेगळी शिजवायचीच.

१०० लिटरला १४ किलो बार्ली माल्ट, ८ किलो ज्वारी. ज्वारीची कणी काढून आणा, पीठ नको. चक्कीवाल्याला ‘लापशीसारखी जाड’ सांगा. ८ किलो कणी, त्यात १ किलो माल्ट आणि ३२ लिटर पाणी. हळूहळू ७० अंशांवर न्या आणि १५ मिनिटं थांबा. हा १ किलो माल्ट कशासाठी? तो नसेल तर उकळी येताना कण्यांचा इतका घट्ट घाटा होतो की उलथणं उभं राहतं. माल्टमुळे तो आंबिलीइतका पातळ राहतो. मग ३० ते ४० मिनिटं उकळा, तळ सतत खरवडत. तळ लागला तर करपट वास वर्षभराने बाटलीतही सापडतो.

तोवर उरलेला १३ किलो माल्ट ३३ लिटर पाण्यात ४५ अंशांवर भिजलेला असू द्या. त्यात हा उकळता घाटा तीन-चार खेपांत ओता. सगळं मिळून ६८-७० अंशांवर येतं. तिथे ४५ मिनिटं. आयोडीन टाकल्यावर थोडा निळा-जांभळा रंग आला तर चिंता नको, इथे तेच हवंय. साधी बिअर करताना साखर पूर्ण सुटायला पाहिजे. इथे ब्रेटानोमायसिस या सावकाश खाणाऱ्या रानटी यीस्टला महिनोन् महिने पुरेल असं जड काहीतरी उरायला हवं. बेल्जियमची गढूळ मॅशची (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याची) किचकट पद्धत याचसाठी आहे. घाट्याने ते काम बऱ्यापैकी भागतं.

ज्वारीला टरफल नाही, म्हणून गाळणी तुंबते. १ किलो भाताचं तूस धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून मॅशमध्ये मिसळा. वरून ८० अंशांचं ८५ लिटर पाणी. भांड्यात १२५-१३० लिटर आले पाहिजेत. ३ तास उकळून १०५ वर, घनता १.०४८ च्या आसपास.

ज्वारीला मोड आणून माल्ट करायचा विचार कोणी करत असेल तर एक सांगून ठेवतो: ज्वारीच्या कोंबात आणि मुळ्यांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. वाळवल्यावर मोड चोळून, पाखडून पूर्ण काढायचे. कच्च्या दाण्यात ही भानगड नाही, म्हणून मोड न आणता वापरताय ते ठीकच.

---

उजनी_फिल्टर

पाण्याचं कोणी बोललं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि रानटी यीस्टबरोबर त्याचा दवाखान्यासारखा, बँडेजचा वास तयार होतो. चार दिवस साठवलेल्या पाण्यावरही विसंबू नका. ७५ लिटरला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अर्धा ग्रॅम, ढवळून १० मिनिटं. जास्त नको. बोअरचं पाणी असेल तर आरओच घ्या, जड पाण्याने मॅशचा पीएच वर जातो आणि सालींचा तुरटपणा उतरतो.

---

कडूजहर

हॉप्स. लॅम्बिकमध्ये, म्हणजे बेल्जियमच्या रानटी यीस्टवरच्या बिअरमध्ये, दोन-तीन वर्षं जुने हॉप्स लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास टाकतात. कडूपणा गेलेला असतो, पण लॅक्टोबॅसिलसला, म्हणजे आंबट करणाऱ्या जिवाणूंना, आवरायची ताकद बरीचशी उरते. ती ताकद सोलापुरात जास्तच लागते, नाहीतर पहिल्याच आठवड्यात बिअर लिंबूपाणी होते आणि यीस्टला धड कामच करता येत नाही.

जुने मिळत नसतील तर जुने करा. कमी अल्फाचे (अल्फा म्हणजे हॉप्समधलं कडू आम्ल) सुटे फुलांचे हॉप्स (गोळ्या नकोत) कापडी पिशवीत भरून पत्र्याखालच्या माळ्यावर टांगा. मार्च ते जून. बेल्जियमला जे दोन वर्षांत होतं त्याचा बराच भाग आपला एक उन्हाळा उरकतो. मध्ये एक वेळ अशी येते की पिशवीला मोज्यांचा, जुन्या चीजचा वास मारतो. तेव्हा वापरू नका. तो वास ओसरून वाळल्या गवतासारखा झाला, रंग पिवळट-तपकिरी झाला की तयार. मग ५०० ग्रॅम, पूर्ण ३ तास उकळीत.

या वर्षीच करायचं असेल तर ४ टक्के अल्फाचे ताजे हॉप्स १०० ग्रॅम, तेही सुरुवातीपासून. कडूपणा १२ युनिटच्या आसपास येईल. त्याहून जास्त टाकण्याचा मोह टाळा. आंबट आणि कडू एकत्र आलं की काढ्याची चव लागते.

---

काहीलवाला

सगळ्यांचे आभार. गाळणीदादा, तिसऱ्या बरणीचं काय करू? ती विरजण म्हणून टाकीत घातली तर चालेल का, की मग ते ‘रानटी’ राहत नाही? आणि सालीसकट द्राक्षं टाकून यीस्ट धरतात म्हणे. आपल्याकडे द्राक्षं मुबलक.

---

गाळणीतला_भुसा

काळी बुरशी आणि कोबी, दोन्ही फेका, चाखून बघू नका. तिसरी ठेवा. ३.८ पीएच आणि फळासारखा वास म्हणजे चांगली निघाली. तिच्यातलं १०० मिली नव्या १ लिटर वॉर्टमध्ये (घनता १.०३५, हलके हॉप्स, उकळून गार केलेला), आठवड्याने ते १० लिटरमध्ये. दर पायरीला वास आणि पीएच बघा. ठीक असेल तर काहिलीतलं वॉर्ट टाकीत घेताना हे विरजण घाला. शुद्धतेचा वाद घालणारे घालतील. माझ्या मते पहिल्या वर्षी विरजण असलेलं बरं: सुरुवातीचे धोक्याचे दहा दिवस पटकन निघून जातात आणि हवेतलंही आत राहतंच.

---

बागायतदार_पंढरपूर

द्राक्षाचं मी सांगतो. बाजारातल्या द्राक्षावर भुरी आणि केवडा या रोगांसाठी फवारण्या झालेल्या असतात. बुरशीनाशक यीस्टलाही सोडत नाही, तेही बुरशीच्याच कुळातलं. शिवाय भुरीसाठी मारलेलं गंधक सालीवर राहिलं की आंबताना कुजक्या अंड्याचा वास निघतो. आणि द्राक्षं तोडणीला येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुमची काहील त्याआधीच आटपलेली. बांधावरची बिनफवारणीची बोरं डिसेंबर-जानेवारीत मिळतील. न धुता, बिनकिडकी, अर्धा किलो, वेगळ्या बरणीत. टाकीत थेट टाकू नका.

---

बूच_आणि_बाटली

आता मुद्द्याचं. टाकीत काय चाललंय ते कळल्याशिवाय बाटलीचं बोलण्यात अर्थ नाही.

टाकी १८ ते २२ अंशांवर ठेवा, एप्रिल-मे मध्येसुद्धा. २५ च्या वर महिनाभर गेली आणि कुठून हवा मिळाली की व्हिनेगर. टाकी काठोकाठ भरा. वर १० सेंमी मोकळी जागा ठेवून दर आठवड्याला झाकण उघडून वास घेणारे लोक स्वतःच्या हाताने व्हिनेगर करतात. प्लॅस्टिकच्या बादलीतून हवा झिरपते, वर्षभरासाठी ती नको.

क्रम साधारण असा. तीन-सात दिवसांत फेस. दोन आठवड्यांत पीएच ४.५ च्या खूप खाली गेलेला असायला हवा. पहिले तीन-चार महिने साध्या यीस्टचे. पुढे पेडिओकॉकस हा जिवाणू जोर धरतो आणि बिअर तेलासारखी, तार धरलेल्या पाकासारखी होते. नमुना ओतताना धागा दिसतो. घाबरून फेकून देऊ नका, हा आजारी काळ आहे. ब्रेटानोमायसिस तो चिकटपणा खाऊन टाकतो, दोन ते चार महिने द्या. आठव्या महिन्यापासून ब्रेटचं राज्य: गोठ्याचा, चामड्याचा, कधी अननसाचा वास. वरची साय मोडू नका, नमुना खालच्या तोटीतून घ्या.

भरायची वेळ कॅलेंडर ठरवत नाही, हायड्रोमीटर (घनता मोजायचं यंत्र) ठरवतो. १.००४ किंवा त्याखाली आणि सलग तीन महिने तसूभरही न हललेली घनता. त्याआधी नाही.

---

चौकस_चिकू

मध्येच विचारतो. सातव्या महिन्यात १.०१० वर महिनाभर स्थिर असेल तर? साखर न घालताच भरली तर तीच गॅस करेल ना?

---

बूच_आणि_बाटली

करेल, आणि बाटलीही फोडेल. घनता २ पॉइंटांनी उतरली की गॅस ढोबळमानाने १ घनमान वाढतो, म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा वायू. १.०१० वरून १.००२ वर येताना ४ घनमान. त्यात आधीचा अर्धा-पाऊण मिळवा. साध्या ६५० मिलीच्या बिअरच्या बाटलीला ३ च्या वर नेऊ नये. साधं यीस्ट थांबतं तेव्हा काटा स्थिर दिसतो, पण ब्रेट नुकताच जागा होत असतो. सातव्या महिन्यातली ‘स्थिर’ घनता सगळ्यात फसवी.

आता साखर. वर्षभर टाकीत राहिलेल्या बिअरमध्ये गॅस ०.६ घनमान धरा. लिटरला ८ ग्रॅम साधी साखर २.१ देते. एकूण २.७. ९० लिटर भरणार असाल तर ७२० ग्रॅम, दीड लिटर पाण्यात उकळून, गार करून, भरायच्या भांड्याच्या तळाशी आधी ओता. मग बिअर नळीने तळाकडून हळू सोडा, खळखळाट नको. शेवटी लांब चमच्याने एकदाच सावकाश ढवळा. ढवळलं नाही तर पहिल्या बाटल्या गोड-फसफसत्या आणि शेवटच्या मिळमिळीत होतात.

जुनं यीस्ट इतक्या आंबट बिअरमध्ये थकलेलं असतं. शॅम्पेनचं कोरडं यीस्ट लिटरला ०.२ ग्रॅम, ९० लिटरला १८ ग्रॅम. ३७ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवा, मग त्यात थोडी थोडी बिअर घालत अर्ध्या तासात सवय लावा. थेट टाकलं तर आंबटपणाच्या धक्क्याने निम्मं मरतं.

तुमची भीती उन्हाळ्याची आहे आणि ती खरी आहे. टायरच्या भाषेत सांगतो. २.७ घनमानाच्या बाटलीत २० अंशांना साधारण २ किलो प्रेशर असतं. तीच बाटली मे महिन्यात पत्र्याखाली ४० अंशांवर गेली की ४ किलो. साखर तेवढीच, बिअर तीच, फक्त गरम झाल्यावर गॅस द्रवात मावत नाही. म्हणून भरलेल्या बाटल्या पहिले ४ ते ६ आठवडे २२-२५ अंशांत ठेवा, पुढेही ३० च्या वर जाऊ देऊ नका. वाहतूक रात्री करा.

भंगारवाल्याकडच्या बाटल्या घेताना प्रत्येक उन्हात धरून बघा. गळ्याखाली पांढरट घासलेला पट्टा असतो तिथेच तडकतात. तोंडावर नख फिरवा, टवका लागला की बाद. बूच २६ मिमीचं. शॅम्पेनच्या जाड बाटल्या मिळाल्या तर उत्तम, पण त्यांतल्या बऱ्याच २९ मिमीचं बूच मागतात, बूच ठोकायचं यंत्र आधी तपासा. मान ३ सेंमी रिकामी ठेवा.

आणि एक बाटली प्लॅस्टिकची, सोड्याची. ती दाबून पिळून हवा काढून बूच लावा. ती दगडासारखी झाली की बाकीच्यांचा अंदाज येतो. दगड होऊनही फुगतच राहिली तर काहीतरी चुकलंय: सगळ्या बाटल्या थंड करा, जाड हातमोजे आणि चष्मा घालून बुचं सैल करा, गॅस जाऊ द्या, परत लावा.

---

कडूजहर

बूचदादांना जोड. भरल्यावर महिन्याभराने चाखलं आणि घोट गिळल्यावर दहा सेकंदांनी शिळ्या कुरमुऱ्यांसारखी, उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव वर आली तर बॅच बिघडली असं समजू नका. भरताना ऑक्सिजन शिरला की हे होतं. आंबट बिअरमध्ये ती चव लपते, लाळेत मिसळल्यावर उघडी पडते, म्हणून उशिरा कळते. दोन-तीन महिने बाटली आडवी-उभी न करता राहू द्या, बहुतेकदा जाते. चिकट तारही बाटलीत परत येऊ शकते, तीही जाते.

---

नियमावली_नाना

घरी करून बघू म्हणणाऱ्यांसाठी: महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, पाच लिटर असली तरी. काहीलवाल्यांकडे परवाना आहे, तरी बाटलीत भरून बाहेर द्यायच्या आधी उत्पादन शुल्कच्या निरीक्षकाला विचारून घ्या, त्याची अट वेगळी असू शकते.

---

काहीलवाला

नोंद घेतली. डिसेंबरमध्ये रात्रीचा पारा बघून ठरवतो, हॉप्स या वेळी ताजेच. शेवटचं एक: हीच टाकी आणि नळ्या आमच्या साध्या लागर बिअरला परत वापरता येतील का?

---

बूच_आणि_बाटली

टाकी येईल. २ टक्के कॉस्टिक सोडा ७० अंशांवर अर्धा तास फिरवा, धुवा, मग पेरॲसिटिक ॲसिड. गॅस्केटं, तोट्यांचे वायसर, नळ्या मात्र नाही. ब्रेट रबराच्या भेगेत बसून राहतं आणि तीन महिन्यांनी लागरच्या बाटल्या उसळतात. वायसर आणि नळ्यांचा वेगळा संच ठेवा, त्यावर लाल दोरा बांधा आणि धुणाऱ्या पोराला सांगा, लाल दोऱ्याचं लागरच्या खोलीत जायचं नाही.